क्षमेचा अहंकार : ‘डॉगव्हिल’मधील एक नैतिक पेच

क्षमा हा सद्गुण मानला जातो, आणि त्याविषयी शंका घेणे हे सहसा मनाच्या कोतेपणाचे लक्षण समजले जाते. ज्याने अपराध सोसला त्यानेच तो पोटात घातला तर तिसऱ्याने त्यात काय बोलावे, असा आपला साधारण पवित्रा असतो. परंतु क्षमा करणारा ज्याला क्षमा करतो त्याला तो नेमके काय समजतो, हा प्रश्न या पवित्र्यात बुजून जातो. लार्स फॉन ट्रीअर या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘डॉगव्हिल’ (२००३) हा चित्रपट या प्रश्नाला भिडतो, असे मला वाटते. त्याच्याविषयीची बहुतेक चर्चा मात्र दोनच वाटांनी गेली. एक वाट त्याच्या रंगमंचसदृश मांडणीची, दुसरी त्याच्या अमेरिकाविरोधाची. ज्या देशात त्याने कधी पाऊल ठेवले नाही त्या देशावर त्याने चित्रपट करावा, याचा राग अनेकांना आला. हा राग अगदीच अनाठायी नव्हता. पण त्या रागाच्या भरात चित्रपटातला नैतिक पेच बाजूला पडला, आणि मांडणीची चर्चा करणाऱ्यांनी तिला त्या पेचापासून तोडून पाहिले. प्रत्यक्षात या दोन गोष्टी एकच आहेत.

कथानक थोडक्यात सांगता येते. काळ अमेरिकेतील महामंदीचा. स्थळ रॉकी पर्वतराजीतील, रस्ता जेथे संपतो तेथले, चांदीची खाण बंद पडल्यावर रोडावत गेलेले एक खेडे. गुंडांच्या टोळीपासून पळणारी ग्रेस (निकोल किडमन) तेथे येते. गावातला होतकरू लेखक टॉम एडिसन (पॉल बेटनी) तिला आसरा द्यावा म्हणून गावाचे मन वळवतो. दोन आठवड्यांची मुदत ठरते. मुदतीअंती गाव तिला स्वीकारते. मग हळूहळू गाव तिला राबवते, भोगते, गळ्यात लोखंडी पट्टा अडकवून जड चाकाला बांधते आणि अखेर गुंडांना तिचा ठावठिकाणा कळवते. गुंडांचा म्होरक्या ग्रेसचा बाप निघतो. तिच्या आज्ञेवरून गाव जाळले जाते आणि झाडून सारी माणसे मारली जातात.

हे सगळे घडते ते स्वीडनमधील ट्रोलहेटन येथील एका स्टुडिओच्या काळ्या जमिनीवर. घरे म्हणजे जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या रेषा. एल्म झाडाच्या नावाचा रस्ता आहे, पण तेथे एकही एल्म नाही. गूझबेरीची झुडपे रेखाटलेली, आणि मोझेस नावाचा कुत्रादेखील केवळ एक आकृती. नट नसलेली दारे उघडतात; दार उघडल्याचा आवाज मात्र ऐकू येतो. एक पूर्वरंग आणि नऊ प्रकरणे अशी रचना आहे, आणि प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी पुढे काय घडणार त्याची सूचना अक्षरांत दिली जाते. ब्रेख्तचे नाव येथे घेतले जाते ते योग्यच आहे. तथापि, ब्रेख्तच्या रंगभूमीवर दूरीकरणाचे काम प्रेक्षकाला सतत जागे ठेवण्याचे असते. जे चालले आहे ते अटळ नाही, ते वेगळे होऊ शकले असते, याचे भान त्याने सोडू नये अशी अपेक्षा असते. ‘डॉगव्हिल’मध्ये हे दूरीकरण पंधरावीस मिनिटांत विरून जाते. आपण रेषांना भिंती मानू लागतो. दार लावले की आतले दिसत नाही असे समजून चालतो, वस्तुतः सगळे डोळ्यांसमोर असूनही. हा अनुभव दिग्दर्शकाचा फसलेला प्रयोग नव्हे. त्याला तोच हवा आहे.

कारण पुढे पोलीस गावात आलेले असताना सफरचंदाच्या बागेचा मालक चक आपल्या घरात ग्रेसवर बलात्कार करतो. कॅमेरा मागे सरकतो आणि नसलेल्या भिंतींतून सारे गाव दिसू लागते. कोणी बोलत उभे आहे, कोणी कामात आहे. पोलिसांशी गप्पा चालू आहेत. आणि त्याच चौकटीत, जमिनीवर, ती आहे. पात्रांना भिंत आहे म्हणून ती पाहत नाहीत, हे संकेताने खरे; पण प्रेक्षकाला भिंत नाही. एवढा वेळ आपण मनाने उभ्या केलेल्या भिंती त्या क्षणी कोसळतात, आणि लक्षात येते की गावाचे अज्ञानही असेच उभे केलेले होते. न दिसणे ही येथे दृष्टीची मर्यादा नाही, तो एक पाळलेला करार आहे. पुढच्या प्रकरणांत गावातल्या पुरुषांच्या रात्रीच्या फेऱ्या सगळ्यांना ठाऊक असतात आणि कोणालाच ठाऊक नसतात. गावातला आंधळा जॅक मॅके आपल्याला दिसते असे सोंग करून प्रकाशाचे वर्णन करीत राहतो. डोळस गाव नेमके उलटे सोंग करते.

जमिनीवरच्या रेषा पाहताना मराठी वाचकाला आपल्या गावाची आठवण आल्याखेरीज राहत नाही. आपल्याकडे तर खडूचीही गरज पडली नाही; कोणाचा पाय कोणत्या पाणवठ्यापर्यंत जाईल हे कोणी न आखता सर्वांना ठाऊक असे, आणि रेषा नसल्यामुळेच ती पुसणेही अवघड गेले. पण ही तुलना येथेच थांबविली पाहिजे. ग्रेसचे परकेपण जन्माने आलेले नाही. ते गाव तिच्यासाठी नव्याने घडवते, आणि ते घडताना आपल्याला पाहता येते.

हे घडणे आर्थिक आहे, ही या चित्रपटाची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू. ग्रेसला काम द्यावे असे ठरते तेव्हा गावाला कसलीच गरज नसते. प्रत्येकजण आपले बरे चालले आहे असे सांगतो. म्हणून ती अनावश्यक कामांपासून आरंभ करते. गरज नसलेल्या गोष्टी होऊ लागतात आणि काही आठवड्यांतच त्या गरजा होतात. मग पोलीस येऊन तिच्या नावाचे पत्रक लावून जातात: प्रथम हरवलेली व्यक्ती म्हणून, पुढे बँक लुटल्याच्या संशयावरून हवी असलेली म्हणून. या दुसऱ्या पत्रकाचा प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. दरोडे ज्या काळात पडले त्या काळात ती रोज याच गावात राबत होती, हे सगळ्यांना पक्के माहीत आहे. तिच्या निर्दोषपणाविषयी कोणालाही शंका नाही. तरीही तिला ठेवून घेण्यातली जोखीम वाढली आहे, म्हणून तिने त्याची भरपाई केली पाहिजे, असे ठरते. कामाचे तास वाढतात, मोबदला कमी होतो, आणि हा हिशेब तिला समजावून सांगतो तो टॉम. येथे द्वेष नाही, पूर्वग्रह नाही, तिच्याविषयी एखादा गैरसमजही नाही. ज्याला जाण्यासाठी दुसरी जागा नाही त्याच्या आसऱ्याची किंमत चढत जाते, एवढेच. क्रौर्य म्हटले की आपण उन्माद किंवा झुंड डोळ्यांसमोर आणतो. डॉगव्हिलचे क्रौर्य हिशेबाच्या वहीतून येते, आणि प्रत्येक नोंद तेवढ्यापुरती वाजवी असते. ट्रकवाला बेन तिला गावाबाहेर नेण्याचे पैसे घेतो, वाटेत धोका वाढला म्हणून जादा भाडे तिच्या देहातून वसूल करतो आणि तिला परत गावात आणून सोडतो. त्याच्या लेखी हाही व्यवसायच.

टॉमविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण प्रस्तुत नियतकालिकाचा लेखक आणि वाचक ज्या वर्गात मोडतो त्या वर्गाचा गावातला प्रतिनिधी तोच आहे. त्याने फारसे काही लिहिलेले नाही; पण गावाच्या नैतिक उत्थानासाठी तो सभा भरवतो, आणि माणसांना स्वीकारणे म्हणजे काय हे पटवून देण्यासाठी त्याला एखादे जिवंत उदाहरण हवे असते. ग्रेस ते उदाहरण ठरते. तिच्यावर जे गुदरते त्याचा त्याला खेद होतो, परंतु त्या खेदातही त्याला उदाहरणाची उपयुक्तता दिसतच राहते. तिला पळून जाता यावे म्हणून बापाचे पैसे तो घेतो आणि चोरीचा आळ तिच्यावर येतो तेव्हा गप्प राहतो. गावात तिच्या देहाला हात न लावणारा तोच, आणि त्या संयमाचे मोल तो मनात मांडून ठेवतो. ते मिळत नाही असे दिसताच गुंडांना बोलावतो. दुसऱ्याचे दुःख आपल्या प्रतिपादनासाठी वापरण्याची ही वृत्ती केवळ वाईट लेखकांत असते असे म्हणून सुटका नाही. या लेखातही मी तेच करीत नाही ना, ही शंका लिहिताना वारंवार आली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अखेरच्या प्रकरणात ग्रेस बापाच्या मोटारीत बसते आणि दोघांत एक संवाद होतो. बाप तिला अहंकारी म्हणतो. तिने गावाला क्षमा केली कारण ही माणसे दुबळी आहेत, परिस्थितीने गांजलेली आहेत, त्यांच्या जागी कोणीही असेच वागले असते, असे तिला वाटते. बापाचे उत्तर असे : जी गोष्ट तू स्वतःला कधीच माफ केली नसतीस ती इतरांना माफ करतेस, याचा अर्थ तुझी नैतिक उंची त्यांना गाठता येणार नाही असे तू गृहीत धरतेस, यापरता अहंकार कोणता? कुत्र्यांचा दृष्टांत तो देतो. कुत्री स्वभावधर्मानुसार वागतात म्हणून त्यांना दर वेळी माफ केले तर ती काहीच शिकणार नाहीत.

या युक्तिवादात अपवादात्मक ताकद आहे, आणि ती एका गुंडाच्या तोंडी घातल्याने कमी होत नाही. पी. एफ. स्ट्रॉसन याने ‘फ्रीडम अँड रिझेंटमेंट’ या १९६२ च्या निबंधात दाखविलेला भेद येथे उपयोगी पडतो. आपल्याशी कोणी दुष्टपणे वागले तर आपल्याला रोष येतो. पण ते वेड्याने, मुलाने किंवा अगदी असहाय झालेल्या माणसाने केले असे कळले तर रोष ओसरतो, आणि आपण त्याच्याकडे हाताळण्याची, सुधारण्याची, सांभाळण्याची बाब म्हणून पाहू लागतो. स्ट्रॉसनच्या मते रोष ही केवळ विकारवशता नाही. रोष धरणे म्हणजे समोरच्याला आपल्या बरोबरीचा, जाब देऊ शकणारा माणूस मानणे होय. ग्रेसच्या क्षमेत रोष कधी उगवतच नाही. व्हेरा तिच्या सात चिनी मातीच्या बाहुल्या एकेक करून फोडते, आणि पहिल्या दोन फुटल्यावर अश्रू आवरलेस तर थांबेन म्हणते, तेव्हाही ग्रेस रडते, रागावत नाही. तिच्या नावाचा अर्थ कृपा असा आहे, आणि कृपा नेहमी वरून खाली उतरते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा एक गंभीर विचार महाभारताच्या वनपर्वात आहे. वनवासात क्षमेचा आश्रय घेऊन बसलेल्या युधिष्ठिराला द्रौपदी प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद ऐकवते. सदा तेजही हितावह नाही आणि सदा क्षमाही नाही, असे प्रल्हादाचे मत. आणि नित्य क्षमा करणाऱ्याचे काय होते याचे त्याने केलेले वर्णन वाचताना डॉगव्हिल डोळ्यांसमोर उभे राहते. सेवक त्याला जुमानत नाहीत, त्याच्या वस्तू घेतात, वस्त्रे-वाहने बळकावतात, त्याला टाकून बोलतात आणि शेवटी त्याच्या स्त्रियांवर डोळा ठेवतात. पायरीपायरीने. परंतु प्रल्हाद येथे थांबत नाही. अजाणता झालेला अपराध कोणता, पहिला अपराध कोणता, पूर्वी उपकार केलेल्याचा अपराध कोणता, आणि जाणूनबुजून पुन्हा केलेला कोणता, असे तो वेगवेगळे करतो. म्हणजे क्षमेपूर्वी आणि दंडापूर्वी एक चौकशी आहे, आणि ही चौकशी अपराध्याला व्यक्ती म्हणून ओळखल्याशिवाय करता येत नाही.

बापाचा युक्तिवाद फसतो तो येथे. क्षमेतला अहंकार त्याने अचूक पकडला. मात्र त्यावर सुचविलेला उपायही त्याच अहंकारातून येतो. ज्यांना कुत्री समजून माफ केले त्यांनाच आता कुत्री समजून मारायचे. मोटारीतून उतरून ग्रेस गावात फिरते, प्रकाश बदलतो, आणि त्या प्रकाशात तिला घरांचे व माणसांचे दोष उघडे दिसतात. आपण स्वतः असे वागलो असतो तर आपल्या एकाही कृतीचे समर्थन करता आले नसते, असे तिला कळते. हा क्षण खरोखर समतेचा आहे: प्रथमच ती गावाला आपल्याच मापाने मोजते. पण लगेच पुढच्या क्षणी माप लावणे संपते आणि संहार सुरू होतो. चकने केले ते, मा जिंजरने पाहून न पाहिल्यासारखे केले ते, आणि तान्ह्या मुलाने काहीच केले नाही ते, सगळे एका मापात. व्हेराची मुले तिच्यादेखत एकेक करून मारावीत आणि तिने अश्रू आवरले तर थांबावे, असा हुकूम सुटतो. येथे बाहुल्यांचा हिशेब चुकता होतो, पण व्हेराला काही विचारले जात नाही. हॅना अरेंट हिने ‘द ह्यूमन कंडिशन’ (१९५८) मध्ये क्षमा आणि शिक्षा यांना परस्परविरोधी न मानता पर्यायी मानले आहे, कारण दोन्ही एका न संपणाऱ्या क्रियाशृंखलेला विराम देऊ पाहतात. ज्याला आपण शिक्षा करू शकत नाही त्याला क्षमाही करू शकत नाही, असे तिचे मत. ग्रेसला या दोन्ही शक्यता कधी उपलब्ध नव्हत्या. तिची क्षमा ही शिक्षेचा अधिकार सोडणे नव्हते, कारण तिने आरोपच ठेवला नव्हता; आणि शेवटचा संहार ही शिक्षा नव्हे, ती सफाई आहे.

सूडाचे मूळ कोठे आहे हे फॉन ट्रीअरनेच सांगून ठेवले आहे. ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’तील (१९२८) चाचेगिरीच्या जहाजाची वाट पाहणाऱ्या जेनीच्या गाण्यावरून त्याला ही कथा सुचली. आपल्याकडे या नाटकाची ओळख पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे (१९७८) झाली. मूळ गाण्यातली जेनी लोकांची भांडी घासणारी, अंथरुणे घालणारी मोलकरीण आहे, आणि एक दिवस जहाज येऊन गाव बेचिराख करील, कोणाला मारायचे ते आपल्याला विचारतील, असे स्वप्न ती पाहते. ते नागवलेल्या बाईचे स्वप्न आहे आणि स्वप्नच राहते. त्याचे राजकीय बळ त्यातच आहे. ‘डॉगव्हिल’मध्ये जहाज खरेच येते, पण ते मोलकरणीसाठी येत नाही. ते मालकाच्या मुलीला घरी न्यायला येते. ग्रेस काही काळ जेनीच्या जागी राबली, तरी ती तेथली नव्हती, आणि तिच्या क्षमेला जो शांत, न डगमगणारा स्वर होता त्याचा उगम येथे सापडतो. जाण्यासाठी जागा असलेल्याची क्षमा आणि नसलेल्याची क्षमा या दोन भिन्न गोष्टी आहेत. गावाला ती दुसऱ्या प्रकारची वाटली. गाव त्यात चुकले, आणि ती चूक त्याला भोवली.

एक आक्षेप येथे अपेक्षित आहे. आठव्या प्रकरणात ग्रेस गावाच्या सभेत उभी राहून सत्य सांगते. मग तिने आरोप ठेवला नाही असे कसे म्हणता येईल? आक्षेप रास्त आहे. पण ते सत्यकथन टॉमने आखलेल्या कार्यक्रमाचा भाग आहे, आणि सांगून झाल्यावर ती निघून जाते. उत्तरासाठी थांबत नाही. गाव सगळे नाकारते आणि तिला घालवण्याचा विचार करू लागते. विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातील बेणारे बाईंचे स्वगत याच्याशेजारी ठेवून पाहावे. तेथेही एका बाईभोवती साध्यासुध्या माणसांचा फास आवळत जातो, तोही खेळ म्हणून. तेथेही तिचे बोलणे न्यायासनापर्यंत पोहोचत नाही, काळ गोठलेला असतो. पण बेणारे संतापते, स्वतःला आणि जगाला जाब विचारते, आणि प्रेक्षक तो ऐकतो. तिच्यामागे कुठलीच मोटार येणार नसते. नाटक संपते तेव्हा आपल्या हाती समाधान नसते, एक अनुत्तरित तक्रार असते. ‘डॉगव्हिल’ आपल्याला नेमके समाधान देतो, आणि त्यात सापळा आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटाला हा चित्रपट दाखविण्याचा प्रसंग मला आला होता. जवळजवळ तीन तासांच्या कोंडीनंतर गोळीबार सुरू झाला तेव्हा मागच्या रांगेतून समाधानाचा एक हुंकार आला. कोणी हसले नाही, कोणी वळून पाहिलेही नाही. तो हुंकार माझाही असू शकला असता. टॉमला ग्रेस स्वतःच्या हाताने गोळी घालते तेव्हा तर मलाही सुटल्यासारखे वाटले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. चर्चेत मात्र सगळे हिंसेविरुद्ध बोलले.

मग श्रेयनामावली येते. डेव्हिड बोवीचे ‘यंग अमेरिकन्स’ हे उडत्या चालीचे गाणे सुरू होते आणि पडद्यावर गरीब अमेरिकनांची छायाचित्रे एकामागून एक येऊ लागतात: मंदीच्या काळातली, आणि १९७० च्या दशकात जेकब होल्टने भटकंती करून टिपलेली. अनेकांना हा दिग्दर्शकाचा चहाटळपणा वाटला. मला तसे वाटत नाही. तीन तास ज्या गावाला भिंती नव्हत्या, चूल नव्हती, घाण नव्हती, त्या गावाला ही छायाचित्रे उशिरा भिंती देतात. फळकुटांची घरे, भुकेले चेहरे, मळके कपडे, पोरे. ज्यांना मारल्याचे समाधान आपण नुकतेच घेतले ती माणसे अशी दिसत असावीत. ग्रेसने क्षमेसाठी पुढे केलेले परिस्थितीचे कारण येथे पहिल्यांदाच दृश्य होते, आणि तेव्हा डॉगव्हिलमध्ये कोणी उरलेले नसते.

अगदी कोणीच नाही असे नव्हे. राखेतून भुंकणे ऐकू येते. तो मोझेस आहे, ग्रेस गावात पहिल्या रात्री आली तेव्हा उपाशी असल्याने जिच्यावर तिने डल्ला मारला त्या हाडाचा मालक. त्यालाही संपवावे का असा प्रश्न निघतो. ग्रेस नको म्हणते. तो चिडला आहे कारण आपण त्याचे हाड पळविले होते, असे ती सांगते. साऱ्या चित्रपटात दुसऱ्याच्या रागाला तिने दिलेले हे एकमेव कारण, आणि त्यात अपराधी म्हणून तिने स्वतःचे नाव घेतले आहे. कॅमेरा वरून खाली पाहतो आणि खडूने रेखाटलेल्या आकृतीच्या जागी खराखुरा कुत्रा उभा राहून वर, आपल्याकडे तोंड करून भुंकतो.